काकडा संपल्यानंतरची हजेरी

७ नोव्हेंबर, शुक्रवार. पहाटे सव्वापाच. मेहकर रोडचा कोपरा, विजेच्या खांबाखाली.

हजर: मी, प्रज्ञा सिस्टर.

गैरहजर: मंदाकाकू, कॉलनीतल्या आणखी आठ जणी. शोभावहिनी.

बुधवारी याच खांबाखाली आम्ही अकरा जणी होतो. कोजागिरीपासून रोज अकराच्या खाली आकडा गेला नव्हता. कोणाच्या घरी पाहुणे होते, कोणाचं नातवंड तापलं होतं, कोणाच्या शेतात मळणी यंत्र येणार होतं, तरी पहाटे पावणेपाचला शाली गुंडाळून सगळ्या हजर. बुधवारी पौर्णिमा झाली, मारुतीच्या देवळातला काकडा संपला, काल्याचा प्रसाद वाटला गेला आणि काल गुरुवारपासून हा खांब मोकळा. आज आम्ही दोघी जरा उशिरा, सव्वापाचलाच जमलो, कारण गाठायला आता आरती नाही. चिखलीत थंडी पडायला आत्ता कुठे सुरुवात झाली आहे. चालायला याच्याइतके चांगले दिवस वर्षात दुसरे नाहीत. आणि चालायच्या दिवसांच्या तोंडावरच आमचा रस्ता बंद होतो, दरवर्षी.

शोभावहिनींचं नाव मी शेवटी, पूर्णविरामानंतर वेगळं लिहिते. त्या बुधवारीही नव्हत्या. दोन वर्षं झाली, त्या नाहीत. पण वहीतून नाव काढलेलं नाही. शाळेच्या कार्यालयात सव्वीस वर्षं हजेरीपट आखते आहे, दाखला नेल्याशिवाय मी कोणाचं नाव कमी करत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा कार्तिक मला वासांवरून आठवतो. कॉलनी संपली की उजव्या हाताला शेतं लागतात. सोयाबीन निघून गेलेलं, त्या रानात हरभऱ्यासाठी ओलीत चाललेलं, आणि ओल्या काळ्या मातीचा गार वास रस्त्यापर्यंत आलेला. पुढे जिनिंगची लांब भिंत. आत कापसाचे ढीग, अंधारातही पांढरे दिसणारे, आणि सरकीचा तेलकट उबदार वास. त्यापुढे जुन्या वस्तीत शिरलं की अंघोळीच्या बंबांचा धूर, शेणाचा सडा आणि कुठेतरी पहिला चहा. या वासांची रांग मला पाठ आहे, कारण त्या महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावरून काही काम नसताना चालले. हातात पिशवी नाही, डबा नाही, दळण नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला हात मोकळे ठेवून चालणं शिकावं लागतं, हे कोणाला खरं वाटणार नाही.

देवळाचा सरळ रस्ता दहा मिनिटांचा. त्याला फेरा घालण्याची कल्पना माझी, पण कारण शोभावहिनींचं.

शोभावहिनी माझ्या दोन घरं पलीकडे राहतात. घरातच ब्लाउज शिवतात. कॉलनीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज त्यांच्याच हातचे, माझेही होते. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी त्यांच्या बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ दिसायला लागली. बुलढाण्याला दाखवलं. हर्निया निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, पण आधी दहा किलो वजन उतरवा. पोटावर एवढी चरबी असताना टाके घातले तर ते पुन्हा सुटण्याची भीती असते. रोज पाऊण तास भरभर चाला, पोटाला पट्टा बांधून चाला, आणि जड उचलू नका.

हे सांगताना वहिनी मशीनवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, मले लगेच समजलं. तंग कपड्याले कितीबी पक्का टाका घाला, तो उसवतेच."

"मग उद्यापासून चालायला लागा."

"कुठी?"

हा एका शब्दाचा प्रश्न. त्याचा राग अजून गेलेला नाही. चिखलीत चालायला जागा आहे. मैदान आहे, त्याच्या कडेने चालायचा पट्टा आहे. बायकांना तिथे कोणी अडवत नाही. नुसते बघतात. सकाळी सहाला तिथे कॉलनीतलेच पुरुष असतात, त्यात आमच्या घरातले असतात आणि शोभावहिनींचे प्रकाशभाऊही. हे लोक मैदानापर्यंत स्कूटरवर जातात. तीन फेऱ्या मारतात, त्यात दोनदा फोन घेतात. मग बाकावर बसून राज्य चालवतात आणि परत येताना स्टँडजवळ गरम कचोरी खाऊन, घरी येऊन सांगतात की आज चांगला वॉक झाला. त्यांच्या पोटांबद्दल मी काही बोलत नाही. वजनकाटा माझ्याकडे आहे, पण त्यांनी कधी मागितला नाही.

एक दिवस मी शोभावहिनींना मैदानावर घेऊन गेले. एकच दिवस. वहिनींनी मुलाचे जुने बूट घातले होते, साडीखाली. दुसऱ्या फेरीला बाकावरून कोणीतरी म्हणालं, "रोलर आला रे, पट्टा सपाट होते आता." हसू आवरत प्रकाशभाऊ बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. नाडी सुटलेली नव्हती.

बाई जाड असली की हसायचं. ती जाडी कमी करायला निघाली की आणखी हसायचं. मग तिने करायचं तरी काय, हे एकदा या बाकावरच्या मंडळींनी ठराव करून सांगावं, मी इतिवृत्तात लिहून घेईन.

परत येताना वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या ताई. मी दिवसभर घरात पायावरच तं असतो. त्याच्यानं नाई उतरलं, आता यानं काय उतरते?"

हेच वाक्य मी आजवर किती जणींच्या तोंडून ऐकलं आहे. सासवांच्या तोंडून, नवऱ्यांच्या तोंडून, आणि शेवटी त्या बायकांच्या स्वतःच्या तोंडून. घरचं काम हाच व्यायाम. मग ज्या घरातल्या बाईने वीस वर्षं कणीक मळली, फरशी पुसली, तिचा दम दोन जिन्यांत का लागतो? मला स्वतःला शाळेचा दुसरा मजला चढताना कठड्याला धरून उभं राहावं लागत होतं, फाइल शोधत असल्यासारखं दाखवत. मी काही आळशी नव्हते.

उत्तर प्रज्ञा सिस्टरांनी दिलं. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. पलीकडच्या गल्लीत, विहाराशेजारी राहतात. साठी ओलांडली आहे आणि चाल अशी की रिक्षावाला वळून बघतो. सरळ बोलतात. त्यांनी घरी येऊन शोभावहिनींना खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "घरचं काम म्हणजे दोन मिनिटं उठणं, चार मिनिटं थांबणं. त्यानं माणूस थकतो. पण हृदयाला सलग काम मिळत नाही. मोठ्या स्नायूंनी सलग अर्धापाऊण तास हलायला पाहिजे, श्वास वाढला पाहिजे, घाम फुटला पाहिजे. रोज. मग साठवलेली चरबी हळूहळू वापरात येते. खाण्यावरही हात आवरायचा. नुसतं चालून आल्यावर चार भजी खाल्ली की हिशेब जिथल्या तिथं."

"भरभर म्हणजे किती भरभर?" मी वही काढून विचारलं. मला आकडा हवा होता.

"आकडा कशाले पाह्यजे? चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. गाता आलं तर चाल कमी. बोलताही येईना तर जास्त. एवढंच."

मंदाकाकू दारातच उभ्या होत्या, गवारीच्या शेंगा मोडत. सत्तरीच्या आहेत, कॉलनीतली प्रत्येक बातमी त्यांच्या ओट्यावरून पुढे जाते. म्हणाल्या, "बोलनं बंद करा लागत नाई ना? मंग मी बी येतो."

आणि मग जायचं कुठे, हा प्रश्न मंदाकाकूंनीच सोडवला. "काकड्याले चला. काकड्याले जानाऱ्या बाईले कोनी काऊन म्हनून पुसत नाई."

खरंच नाही पुसत. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात आम्ही पाच जणी निघालो, आठवड्यात अकरा झालो. कोणाच्या नवऱ्याने हरकत घेतली नाही, सासूने तोंड वाकडं केलं नाही, उलट प्रकाशभाऊंनी फाटक उघडून दिलं. तेच रस्ते, त्याच बाया, तेच पाय. फक्त मंदाकाकूंच्या हातात काडवातींचं तबक होतं. आरती साडेपाचला. आम्ही पावणेपाचला निघायचो आणि दहा मिनिटांच्या रस्त्याला चाळीस मिनिटांचा फेरा घालायचो: शेतांच्या कडेने, बाजार समितीच्या फाटकावरून, जिनिंगच्या भिंतीने, पाण्याच्या टाकीला वळसा घालून देवळात. प्रज्ञा सिस्टर देवळाच्या पायरीपर्यंत यायच्या, आत येत नसत. आमची आरती होईपर्यंत बाहेरच्या रस्त्यावर स्वतःच्या फेऱ्या चालू ठेवायच्या. पुजाऱ्याने एकदा विचारलं, "सिस्टर, आत या ना." त्या म्हणाल्या, "तुमचं चालू द्या, माझं थांबलं तर नाडी उतरते."

सिस्टरांची परीक्षा आम्हाला आयतीच लागू पडली. बायका देवळाकडे निघाल्या की भजन म्हणतातच. पहिल्या दिवशी सगळ्या शेवटपर्यंत सुरात गात आल्या. सिस्टर म्हणाल्या, "छान. म्हणजे कोणीच चाललं नाही." दुसऱ्या दिवसापासून चाल वाढली आणि भजन तुटायला लागलं. आधी तान गेली, मग धृपद, मग एकेक शब्द. उरलं ते बोलणं.

शोभावहिनींचं बोलणं पहिल्या आठवड्यात बाजार समितीच्या फाटकापाशी तुटायचं. तिथे त्या फाटकाला हात लावून उभ्या राहायच्या, पट्टा सारखा करायच्या. मालाच्या गाड्या आधीच लागलेल्या असत, गाडीवाले पांघरूण घेऊन आतच झोपलेले. दुसऱ्या आठवड्यात त्या बोलत बोलत जिनिंगच्या भिंतीच्या अर्ध्यापर्यंत गेल्या. तिसऱ्या आठवड्यात पाण्याची टाकी. मंदाकाकू त्यांना मुद्दाम प्रश्न विचारायच्या, दम कुठे संपतो ते बघायला.

"शोभे, तुह्या जाऊचं भांडन कशावरून झालं होतं वं?"

"सांगतो... टाकी... येऊ द्या."

"आता सांग, टाकी आली."

"थे मी भजनात सांगन."

एवढं हसलो होतो त्या पहाटे की गाडीखालची कुत्री उठून भुंकायला लागली. वहिनींचं हसणं मी त्याआधी असं मोकळं ऐकलं नव्हतं. शिवणाऱ्या बाईच्या तोंडात कायम टाचण्या असतात.

चौथ्या आठवड्यात त्या देवळाच्या पायरीपर्यंत बोलत आल्या. न थांबता. जावेच्या भांडणाची पूर्ण हकीकत सांगत. पायरीवर मुलाचे बूट काढताना त्यांचा चेहरा लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते. म्हणाल्या, "ताई, आज गाठ दुखली नाई."

मी हे वहीत लिहिलं का? नाही. मी वजन लिहिलं.

दर रविवारी माझ्या घरी वजनकाटा. कमरेची मापं घ्यायला शोभावहिनींचीच मोजपट्टी. मापं त्या घ्यायच्या, प्रत्येकीला आतल्या खोलीत बोलावून, दार लोटून. आकडा मला चिठ्ठीवर लिहून द्यायच्या, घडी घालून. मला ते उगाच वाटायचं. शाळेत मुलांची उंची-वजनं आम्ही रांगेत उभं करून मोठ्याने घेतो, एक जण वाचतो, दुसरा लिहितो, काम लवकर उरकतं. घडी घातलेल्या अकरा चिठ्ठ्या उलगडायला वेळ जातो, असं मी एकदा म्हणालेही. वहिनी नुसत्या हसल्या, ओठांत टाचण्या धरून.

पौर्णिमेला समाप्ती. देवळासमोर मंडप, कॉलनी आणि जुनं गाव मिळून तीनेकशे माणसं. काला झाला. ज्यांनी महिनाभर प्रसाद दिला त्यांना नारळ देणं चाललं होतं. माइक रिकामा होता. मी पंचांकडे दोन मिनिटं मागितली. मला वाटत होतं, एकदा या गावाला कळू दे. नारळ ज्यांना मिळाले त्यांनी शिरा दिला होता. आमच्या बायकांनी महिनाभर पहाटे थंडीत घाम गाळला होता, त्याचं कौतुक कोणी करायचं? मी वही उघडली आणि यादी वाचली. नाव, आधीचं वजन, आत्ताचं वजन. सगळ्यांत जास्त उतरलेलं नाव सगळ्यांत आधी.

"शोभावहिनी. एकोणनव्वद किलो होत्या, साडेशहाऐंशी झाल्या. टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजायच्या आधी पुरुषांच्या बाजूने आवाज आला, "प्रकाशभाऊ, दीड कट्टा भरला की." प्रकाशभाऊंचं खतबियाण्याचं दुकान आहे, कट्टे म्हणजे पोती मोजण्यातच त्यांचा दिवस जातो. मंडप हसला. प्रकाशभाऊ हसले. आमच्या घरातलेही हसले, ते मी माइकवरून पाहिलं. मी पुढची नावं वाचत राहिले, कारण यादी सुरू केली की पुरी करायची माझी सवय आहे. दहा नावं वाचली. दहा वेळा हसले.

बायकांच्या बाजूला शोभावहिनी पदर डोक्यावरून पुढे ओढून, समोरच्या पत्रावळीकडे बघत बसल्या होत्या.

त्या मंडपातल्या कोणालाही अडीच किलो ऐकू आले नाहीत. एकोणनव्वद ऐकू आले. त्या अडीच किलोंत कायकाय होतं ते मला माहीत आहे: तीस पहाटा, रात्रीचा उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून पोटात ढकलायची वीस वर्षांची सवय मोडणं, पोटाला बांधलेला पट्टा, मुलाचे बूट, बाजार समितीचं फाटक. हा सगळा ऐवज हसण्यावारी गेला. वर्षभर मी या मंडपावर चिडलेली होते. ज्याने कट्टा म्हटलं त्याच्या घरी हळदीकुंकवाला गेले नाही. आमच्या घरातल्यांना आठ दिवस साखरेशिवाय चहा दिला, तेही त्यांच्या पथ्यावरच पडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खांबाखाली उभी. मला वाटलं होतं, देव संपला तरी चालणं चालू राहील. सहा जणी आल्या, पुढच्या आठवड्यात तीन. शोभावहिनींच्या फाटकाशी गेले तर प्रकाशभाऊ ओट्यावर बूट घालत होते, स्वतःचे, नवे.

"वहिनी?"

"चहा करून राह्यली."

आतून वहिनी पदराला हात पुसत आल्या. शाल घेतलेली होती. बाहेर पडायच्या तयारीने घेतलेली, हे मला दिसलं.

प्रकाशभाऊ वहिनींकडे न बघता म्हणाले, "काकडा तं सरला. आता कोन्या देवाले जाऊन राह्यली?"

वहिनींनी शाल काढून दाराच्या कडीला अडकवली आणि आत गेल्या. प्रकाशभाऊंनी स्कूटर सुरू केली आणि चालायला गेले.

या एका प्रश्नावर मी पानंच्या पानं लिहू शकते. बाईने पहाटे बाहेर पडायचं तर कोणत्या तरी देवासाठी. उपास करायचा तो नवऱ्यासाठी, मुलांसाठी. वडाला फेऱ्या घालायच्या त्या नवऱ्यासाठी. एकशे आठ प्रदक्षिणांचा नवस केला तर घर कौतुकाने ताट तयार ठेवतं, आणि तेवढीच पावलं स्वतःच्या हृदयासाठी, स्वतःच्या साखरेसाठी, स्वतःच्या पोटाच्या टाक्यासाठी टाकली की लोक काय म्हणतील. भिशीत वजन उतरवायच्या पावडरीचे डबे विकायला येतात, ते घरोघरी घेतले जातात, नवरे आणून देतात. डबा कपाटात राहतो, त्यासाठी बाईला दाराबाहेर पडावं लागत नाही, म्हणून चालतो.

एवढा सगळा राग रास्त आहे. तो मी मागे घेत नाही. पण हा राग मला सोयीचाही पडला, हे कळायला मला गेली संक्रांत यावी लागली.

गिरणीत भेट झाली. दळणाचे डबे रांगेत, आम्ही दोघी भिंतीला टेकून. वहिनींच्या चेहऱ्यावर सूज वाटली. पट्टा साडीवरूनही कळत होता. मी विचारलं, ऑपरेशनचं काय? म्हणाल्या, वजन पुन्हा नव्वदच्या वर गेलं, डॉक्टर थांबा म्हणतात. गाठ मधेच अडकली, उलट्या झाल्या, तर धावत या म्हणतात.

"मग चला ना वहिनी. मी आणि सिस्टर रोज जातो. प्रकाशभाऊंशी मी बोलते. आता तरी लोकांचं सोडा."

गिरणीचा पट्टा फिरत होता, त्यांना आवाज चढवून बोलावं लागलं, पण त्या चिडल्या नव्हत्या.

"लोकाईचं काय ताई. लोकं तं मैदानावरबी हासले होते. मी दुसऱ्या दिवशी काकड्याले आलोच ना?"

मी माझा डबा रांगेत पुढे सरकवला.

"माह्या वहीत बावीस वर्साची मापं हायेत अख्ख्या कॉलनीची. कोनाची छाती केवढी, कोनाची कंबर किती वाढली, कोनाच्या पोरीचं माप लग्नाच्या आधी काऊन बदललं. तुमचंबी हाये. कोनाचं कोनाले सांगतलं का कधी?"

"नाही."

"तुमच्या वहीत माह्यं नाव हाये का अजून?"

"आहे."

"खोडून टाका."

त्यांचं पीठ झालं होतं. उचलायला मी हात पुढे केला. त्यांनी गिरणीवाल्याला हाक मारली.

तेव्हापासून मी त्या समाप्तीच्या संध्याकाळकडे दुसऱ्या बाजूने बघते आहे. कट्टा म्हणणारा माणूस होताच. हसणारा नवरा होताच. पण माइक माझ्या हातात होता. त्यांच्या हाती एकोणनव्वद हा आकडा मी दिला. माझ्याकडे दुसरं माप होतं की. बाजार समितीचं फाटक, जिनिंगची भिंत, पाण्याची टाकी, देवळाची पायरी. पहिल्या आठवड्यात फाटकापाशी दम तुटणारी बाई चौथ्या आठवड्यात देवळापर्यंत बोलत आली, एवढं एक वाक्य मी वाचलं असतं तर त्यात हसायला कोणाला जागा नव्हती. सिस्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आकडा कशाला पाहिजे. मी ऐकलं नाही. घडी घातलेल्या चिठ्ठ्या दर रविवारी माझ्या हातात येत होत्या, त्यावरूनही मला समजलं नाही. टापटीप माणसाला वाटतं की जे नीट लिहिलं आहे ते वाचून दाखवायला हरकत नाही.

माझं स्वतःचं वजन त्या यादीत नव्हतं. अकरापैकी दहाच नावं मी वाचली. सूत्रसंचालन करणाऱ्याने आपलं नाव घेऊ नये, असा विचार केल्याचं मला आठवतं. हे वाक्य लिहितानाही कान तापतात.

दोन वर्षांत माझं नऊ किलो उतरलं. दुसरा मजला मी फाइल न शोधता चढते. सिस्टर म्हणतात, वजनाआधी दम सुधारतो, साखर आवरते, झोप लागते. काटा सगळ्यांत शेवटी हलतो, म्हणून लोक काट्याकडे बघून मधेच सोडतात. माझे जुने ब्लाउज आता खांद्यावरून ओघळतात. बाजारातल्या एका शिंप्याकडून दोन नवे शिवून घेतले, एकाची बाही वर चढते, दुसऱ्याचा गळा उभा राहतो. जुन्यांपैकी चार चांगले आहेत, फक्त आत घ्यायला हवेत. ते पिशवीत घालून दाराच्या मागे खिळ्याला टांगले आहेत. रविवारी आठवड्याच्या कामांची यादी करते, त्यात ते असतात. 'शोभावहिनींकडे जाणे. ब्लाउज चार. माफी.' गॅसची नोंदणी, पेन्शनची फाइल, मोटारीचा वॉशर यांच्यावर फुली पडते. हे एक काम पान उलटलं की नव्या पानावर उतरवून घेते. गेल्या संक्रांतीपासून ते प्रत्येक पानावर आहे. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे ते काम दर वेळी नवंच वाटतं.

आज सकाळी आम्ही दोघीच चाललो. फाटक, भिंत, टाकी. भजन म्हणायला कोणी नव्हतं. तुरीला फुलोरा आला आहे, पिवळा, उजाडताना एकदम दिसायला लागतो. टाकीपाशी मंदाकाकूंची सून सडा टाकताना दिसली, आता ती टाकीमागे राहते. म्हणाली, "आत्याबाई म्हणतात, पुढच्या कार्तिकात येते." पुढच्या कार्तिकापर्यंत काकूंच्या हृदयाने वाट बघावी अशी त्यांची अपेक्षा असावी.

बाजार समितीच्या बाजूने पहिली स्कूटर गेली. मैदानाकडे. मागोमाग दुसरी, प्रकाशभाऊंची. त्यांनी हात केला. मी केला नाही.

परत येताना कॉलनीत शिरलो तर शोभावहिनींच्या कुंपणाच्या भिंतीवर बूट दिसले. मुलाचे जुने, निळ्या पट्ट्यांचे. धुऊन, नाड्या काढून, उन्हाच्या बाजूला तोंड करून ठेवलेले. खाली थोडं पाणी ओघळलं होतं, म्हणजे नुकतेच धुतलेले. कदाचित कोणाला द्यायला काढले असतील. कदाचित दिवाळीची उरलेली साफसफाई असेल. स्वयंपाकघराचा दिवा लागलेला होता आणि आतून मशीनचा आवाज येत होता, थांबून थांबून, बाही जोडताना येतो तसा.

प्रज्ञा सिस्टर फाटकाशी थांबल्या. कडीला हात लावला नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"ब्लाउजची पिशवी कुठं आहे तुमची?"

"घरी. दाराच्या मागे."

"दोन घरं. घेऊन या. मी थांबते."

मी बुटांकडे पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"आज नको सिस्टर. शाळेची वेळ होते."

शाळेचं कार्यालय साडेदहाला उघडतं. घड्याळात सव्वासहा झाले होते.